दादाच्या सीडी आणि स्वस्तातला पीएस थ्री

पत्र थोडक्यात : साताऱ्याजवळच्या एका गावातले हे वाचक २७ वर्षांचे आहेत, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करतात. मोठा भाऊ फौजेत आहे. २००८ मध्ये वडिलांनी उसाच्या बिलातून दोघा भावांना पीएस टू (सोनीचं टीव्हीला जोडून खेळायचं गेम मशीन, प्लेस्टेशन टू) घेऊन दिला होता, चपटा, ‘स्लिम’ म्हणतात तो. दादा भरती होईपर्यंत दोघांनी त्यावर ‘क्रिकेट ०७’ खेळून कंट्रोलरची बटणं झिजवली. पुढे मशीन सीडी वाचेनासं झालं आणि माळ्यावर गेलं. सीडींचा डबा आणि खेळलेले डाव साठवून ठेवणारं मेमरी कार्ड मात्र आईने जपून ठेवलं. यंदा दादा गावच्या यात्रेला सुट्टीवर येतोय. फोनवर त्याने सहज विचारलं, “आपला क्रिकेटचा गेम हाय का रं अजून?” त्याला चकित करायचं म्हणून वाचकांनी साताऱ्यातल्या एका दुकानातून वापरलेला पीएस थ्री (त्याच्या पुढच्या पिढीचं प्लेस्टेशन), १२ जीबीचा सुपर स्लिम, ९,००० रुपयांना घेतला. ‘प्लेस्टेशनच्या सगळ्या सीडी चालतात’ असं दुकानदाराने सांगितलं होतं. घरी दादाची एकही सीडी चालली नाही. दुकानदार पैसे परत देत नाही, बदली दुसरी वस्तू घ्या म्हणतो. वडील म्हणतात, स्वस्तातलं घेतलंस म्हणून फसलास. आठ वर्षांचा पुतण्या विचारतोय, यावर ऑनलाइन खेळता येईल का. नंतर वाचनात आलं की पहिल्या, महागड्या पीएस थ्रीवर पीएस टूचे गेम चालायचे आणि पुढच्या स्वस्त मशीनमधून ती सोय काढून टाकली. आता तो जुना, सगळं असलेला पीएस थ्री शोधावा, हप्त्यावर नवा पीएस फाइव्ह घ्यावा, की दुधाची तहान ताकावर भागवून याच मशीनसाठी दुसरे गेम आणावेत, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी ते लिहितात, ‘चार पैसे वाचवायला गेलो आणि नेमकी दादाची आठवण कापून टाकलेलं मशीन घरी आणलं.’

नमस्कार,

तुमचं शेवटचं वाक्य मला बराच वेळ सोडत नव्हतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. महागडं मशीन म्हणजे पूर्ण, स्वस्त म्हणजे कापलेलं, आणि पूर्ण मशीन घेतलं असतं तर दादाच्या सीडी चालल्या असत्या, अशी एक साखळी तुमच्या मनात तयार झाली आहे. त्या साखळीची पहिली कडी खरी आहे. पुढच्या कड्या मात्र मला कच्च्या वाटतात.

आधी खरं काय ते पाहू. नोव्हेंबर २००६ मध्ये जपान आणि अमेरिकेत आलेल्या पहिल्या पीएस थ्रीच्या पोटात पीएस टूच्या दोन मुख्य चिपा चक्क बसवलेल्या होत्या. म्हणजे नव्या मशीनच्या आत जुनं मशीनच होतं म्हणा ना. त्यामुळे पीएस टूचे गेम चालायचे. पण त्या ६० जीबीच्या मॉडेलची अमेरिकेतली किंमत होती ५९९ डॉलर. किंमत खाली आणायची तर काहीतरी काढणं भाग होतं. २००७ मध्ये युरोपात आलेल्या मॉडेलमधून त्या दोनपैकी एक चिप गेली आणि तिचं काम सॉफ्टवेअरवर टाकलं, म्हणून काही गेम चालेनासे झाले. त्याच वर्षाच्या शेवटी ४० जीबीचं मॉडेल आलं, त्यातून ही सोय पूर्णच गेली. जोडीला चारऐवजी दोनच यूएसबी राहिले, कॅमेऱ्याची मेमरी कार्डं वाचणारे कप्पेही गेले. त्याची अमेरिकेतली किंमत ३९९ डॉलर झाली. पुढे २००९ चा स्लिम आणि २०१२ चा सुपर स्लिम, दोन्हींत पीएस टूच्या सीडी चालत नाहीत. तेव्हा तुमच्या मशीनमध्ये बिघाड काही नाही, ते जन्मापासून तसंच आहे. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी मात्र प्रत्येक पीएस थ्रीवर चालतात. त्यांची खालची बाजू काळी असते. आईने जपलेल्या डब्यात तशा एक-दोन निघाल्या तर लावून बघा. दुकानदाराचं ‘सगळ्या’ बहुधा तिथूनच आलं असावं.

आता दुसरी कडी. समजा, तो ६० जीबीचा जुना पीएस थ्री तुम्हाला कुठे मिळाला. दादाच्या सीडी त्यावर चालतील का? हे विचारताना मला थोडं अवघड वाटतंय, पण विचारायलाच हवं : त्या सीडी मूळ आहेत का? आपल्याकडे त्या काळात पीएस टू घेतानाच ‘चिप’ मारून घेण्याची, म्हणजे कॉपी सीडी चालाव्यात म्हणून आत जास्तीची चिप बसवून घेण्याची पद्धत होती, आणि बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या कॉपी सीडींवर अख्ख्या गल्लीचं बालपण गेलं. यात तुम्हाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण सीडी उलटी करून बघा. मूळ डीव्हीडीवरच्या गेमची खालची बाजू स्वच्छ चंदेरी असते आणि वर नीट छपाई असते. घरी किंवा दुकानात कॉपी केलेली सीडी खालून जांभळट दिसते, वर मार्करने नाव लिहिलेलं असतं नाहीतर कागदी स्टिकर असतो. कॉपी सीडी त्या महागड्या, ‘पूर्ण’ पीएस थ्रीवरही चालत नाहीत. शिवाय पीएस टूच्या गेमना प्रदेशाचं कुलूप असतं. अमेरिकेतून आलेलं मशीन आपल्याकडची सीडी नाकारतं. आणि ही सुरुवातीची मशीन फार तापतात, आज ती पंधरा-वीस वर्षं जुनी झालीत, त्यांच्या दुरुस्तीची कहाणी वेगळीच. ज्या मशीनमध्ये सगळं होतं, तेच आज सगळ्यात नाजूक आहे. मी तुमच्या जागी असते तर त्याच्या मागे एक रुपयाही घातला नसता.

पीएस फाइव्हचा प्रश्न याहून लवकर सुटतो. त्यावर पीएस फोरच्या सीडी चालतात. पीएस थ्रीच्या चालत नाहीत, पीएस टूच्याही नाहीत. त्याच्या डिजिटल मॉडेलला तर सीडीचा ड्राइव्हच नाही. म्हणजे कितीतरी पट पैसे घालून, वर वर्षभर हप्ते फेडूनही दादाचा गेम तुम्हाला मिळणार नाही. घ्यायचा असेल तर स्वतःसाठी, त्यातल्या नव्या गेमसाठी, सवडीने घ्या. दादाच्या नावावर नको.

‘क्रिकेट ०७’ फक्त पीएस टू आणि कॉम्प्युटरसाठी आला होता. पीएस थ्रीसाठी तो कधी निघालाच नाही. पीएस थ्रीवर क्रिकेट आहे, ‘ॲशेस क्रिकेट २००९’ आहे, ‘इंटरनॅशनल क्रिकेट २०१०’ आहे, ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आहे, आणि शेवटचा तर चांगलाच रंगतो. पण दादाने फोनवर ‘क्रिकेटचा एखादा गेम’ विचारला नव्हता. ‘आपला’ म्हणाला होता. सोनीने २०११ पासून पीएस टूचे काही निवडक गेम पीएस थ्रीवर डाउनलोड करण्यासाठी विकले, हे तुमच्या वाचनात येईल. ते गेम नव्याने विकत घ्यावे लागतात, हातातल्या सीडीचा त्याला उपयोग नाही. त्यामुळे तो रस्ताही तुमचा नाही.

आता तात्यांच्या बोलण्याकडे वळते. (तुम्ही पत्रात वडिलांना तात्या म्हटलंय, मीही तेच म्हणते.) स्वस्तातलं घेतलंस म्हणून फसलास, असं ते म्हणतात. पण २००८ मध्ये उसाच्या बिलातून त्यांनी जो पीएस टू आणला, तोसुद्धा असंच कापून स्वस्त केलेलं मॉडेल होता! २००० मध्ये आलेला मूळ पीएस टू चांगला जाडजूड होता. त्याच्या पाठीमागे हार्ड डिस्क बसवण्याचा कप्पा होता. २००४ मध्ये स्लिम आला तेव्हा तो कप्पा गेला, त्याबरोबर हार्ड डिस्क मागणाऱ्या गेमची वाटही बंद झाली. सीडीचा सरकणारा ट्रे गेला, त्याऐवजी वर उचलायचं झाकण आलं. वीजपुरवठ्याचा भागही बाहेर अडॅप्टरमध्ये गेला. तुम्ही दोघं भाऊ त्या मशीनवर वाढलात. त्याच्या पाठीला एक कप्पा कमी आहे असं तुम्हाला कधी जाणवलं का? दादाला कधी वाटलं का, आपल्याला तात्यांनी अर्धवट काहीतरी आणून दिलं? तो कप्पा तुमच्या कुणाच्याच कामाचा नव्हता. या वेळी नेमकी तुमच्या कामाचीच गोष्ट काढलेली निघाली, एवढाच फरक पडला.

मिक्सरचं उदाहरण घ्या. कंपनीने स्वस्त मॉडेल काढलं आणि त्यातून चटणीचं छोटं भांडं वगळलं. ज्यांच्या घरी मिक्सर फक्त ज्यूससाठी लागतो, त्यांचे पैसे वाचले. ज्यांच्या घरी रोज दाण्याची चटणी होते, त्यांच्या घरी पहिल्याच सकाळी रुसवेफुगवे. मिक्सर दोन्ही घरांत तोच.

तुमच्यासारखी पत्रं मला अधूनमधून येतात, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी इथे थोडी थांबते. जुन्या कन्सोलची, म्हणजे अशा गेम मशीनची, स्वस्त मॉडेलं घेताना काय गेलंय हे पाहायचंच, पण ते कुणाचं गेलंय हेही पाहायचं. २०११ मध्ये सोनीने पीएसपीचं (हातात धरून खेळायच्या प्लेस्टेशनचं) ई१००० हे मॉडेल काढलं, लोक त्याला ‘स्ट्रीट’ म्हणतात. त्यात वाय-फाय नाही, स्पीकर एकच. एकट्याने एसटीत बसून खेळणाऱ्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही. पण दोन चुलत भावंडांनी शेजारी बसून, आपापल्या मशीनवर एकमेकांविरुद्ध खेळायचं तर तेही वाय-फायवरच चालतं, आणि ते मात्र गेलं. मुलांसाठीच्या मशीनमधून मुलांनी एकत्र खेळायचीच सोय काढणं मला मुळीच पटलेलं नाही. याउलट निन्टेंडो कंपनीचा २०१३ चा टूडीएस, त्यांच्या थ्रीडीएस या हातात धरायच्या मशीनचं स्वस्त रूप. थ्रीडीएसचं मिटणारं बिजागर काढलं, थ्रीडी पडदा काढला. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी थ्रीडी वापरू नये असं कंपनी स्वतःच सांगत होती, आणि लहान मुलांच्या हातात आधी मोडतं ते बिजागरच. इथे काढून टाकल्याने वस्तू त्या घरासाठी उलट बरी झाली.

काही वेळा काळच हिशेब बदलतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये आधी कॅनडात आलेला ‘वी मिनी’ बघा, निन्टेंडोच्या ‘वी’ या टीव्हीला जोडायच्या मशीनचं स्वस्त मॉडेल. त्यातून इंटरनेट काढलं, एसडी कार्डाचा कप्पा काढला, गेमक्यूब या आधीच्या मशीनचे जुने गेम चालवायची सोय काढली, आणि टीव्हीला जोडायला फक्त पिवळ्या वायरीचं साधं चित्र ठेवलं. तेव्हा सगळे इंटरनेटबद्दल बोलत होते. पण मे २०१४ मध्ये निन्टेंडोने त्या मशीनची ऑनलाइन खेळायची सेवाच बंद केली, २०१९ च्या जानेवारीत त्यावरचं दुकानही बंद झालं. आज इंटरनेट असलेला वी आणि नसलेला वी यांत तेवढं अंतर उरलेलं नाही. पिवळ्या वायरीचं चित्र मात्र ४३ इंची टीव्हीवर तेव्हापेक्षा जास्त खुपतं. तुमचा पुतण्या ‘ऑनलाइन खेळता येईल का’ विचारतोय ना, त्यालाही हेच सांगा : पीएस थ्रीच्या बऱ्याच गेमचे सर्व्हर आता बंद झालेत, त्यामुळे एका सोफ्यावर बसून दोन कंट्रोलरने खेळता येणारे गेमच निवडायचे.

आणि वापरलेलं मशीन घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं. ‘सगळं चालतं का?’ असं विचारू नये. आपली सीडी, आपलं मेमरी कार्ड पिशवीत घालून न्यावं आणि दुकानातच लावून दाखवायला सांगावं. मशीन उलटं करून लेबलवरचा मॉडेल नंबर वाचावा. सीईसीएच-४००० च्या घरातला नंबर असेल तर तो सुपर स्लिम. पीएसपी-ई१००० असेल तर वाय-फाय नाही. नंबर मोबाइलवर शोधायला दोन मिनिटं लागतात. रंग, खोका, दुकानदाराची खात्री यांपेक्षा त्या लेबलवर जास्त भरवसा ठेवावा.

आता तुमच्याकडे परत येते. मला सगळ्यात आशा वाटते ती माळ्यावरच्या त्या मशीनबद्दल. ते ‘बंद पडलं’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, ‘सीडी वाचत नाही’ असं लिहिलंय. पीएस टूमध्ये हे दुखणं बहुतेक लेन्सचं असतं, धुळीने किंवा झिजेने आलेलं. आणि इथे स्लिममधली ती काटकसर तुमच्या मदतीला येते : ट्रे काढून झाकण दिल्यामुळे झाकण उचललं की लेन्स समोरच दिसते. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून, दाब न देता, हलक्या हाताने पुसायची. पाणी नको, अत्तर नको, फुंकर तर मुळीच नको. एवढ्याने काम झालं नाही तर जुने टीव्ही-व्हीसीडी प्लेयर दुरुस्त करणारा जाणता माणूस साताऱ्यात शोधा. मोबाइलच्या दुकानांपेक्षा जुन्या रेडिओ-टीव्हीवाल्यांकडे हात जास्त सरावलेला असतो. लेन्सचा पूर्ण भाग बदलताही येतो. अडॅप्टर हरवला असेल तर साडेआठ व्होल्टचाच आणा, पिन बसते म्हणून दुसरा कुठलाही लावू नका. २००८ च्या सुमारास काही मॉडेलांत अडॅप्टर पुन्हा आत गेला होता, त्यांना नुसती वायर लागते, तेव्हा आधी पाठीमागची खोबण बघा.

हेच मशीन दुरुस्त करा असं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. सीडी कॉपी असतील तर ज्या मशीनला चिप मारलेली आहे तेच त्या वाचणार, आणि ते मशीन तुमच्या माळ्यावर आहे. दुकानदाराकडून बदली म्हणून दुसरा पीएस टू घेतला आणि त्यात चिप नसली तर आज झालं तेच पुन्हा होईल.

तुमचा टीव्ही नवा असेल तर पांढऱ्या-लाल-पिवळ्या पिना लावायला जागा नसेल. आधी मागे ‘एव्ही’ लिहिलेलं छोटं गोल छिद्र आहे का बघा, त्यासाठी जोडवायर मिळते. तेही नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी काही शे रुपयांत येते. साताऱ्यात न मिळाल्यास पुण्याच्या तपकीर गल्लीत नक्की मिळेल. मात्र स्वस्त डबीमुळे चित्र किंचित उशिरा येतं, आणि क्रिकेटमध्ये तो किंचितपणा म्हणजे त्रिफळा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. घरात किंवा शेजारी कुणाकडे जुना डबा टीव्ही असेल तर यात्रेपुरता मागून आणा, त्यावर सगळ्यात मजा येईल.

पीएस थ्रीचं काय करायचं? दुकानदाराशी आधी शांतपणे बोला. वस्तूचा उपयोग खोटा सांगून ती विकणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. बिल असेल तर ते घेऊन जा, नसेल तर मागा. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण माझं मत विचाराल तर तुम्ही ते मशीन ठेवावं. सुपर स्लिम हे दणकट, कमी तापणारं मॉडेल आहे. त्यावर सिनेमाच्या ब्लू-रे सीडी चालतात, पीएस थ्रीचे जुने गेम वापरलेल्या बाजारात स्वस्त मिळतात, आणि घरात आठ वर्षांचा पुतण्या आहे. १२ जीबीच्या मॉडेलला हार्ड डिस्क नसते, त्यामुळे जागा लगेच भरते. त्यात लॅपटॉपची अडीच इंची हार्ड डिस्क बसवता येते, तिच्यासाठी एक छोटी पत्र्याची फ्रेम लागते. काढून टाकलेल्या गोष्टींपैकी परत मिळवता येणारी ही एक. दुकानदार बदली वस्तू द्यायला तयार आहेच, तर त्या बदल्यात ही फ्रेम, हार्ड डिस्क आणि ‘डॉन ब्रॅडमन’ची सीडी मागून बघा. त्याचाही मान राहील, तुमचंही काम होईल.

तात्यांशी वाद घालू नका. त्यांना माळ्यावरून मशीन उतरवायला बोलवा. २००८ मध्ये दोन पोरांसाठी उसाच्या बिलातले पैसे काढून ठेवणारा माणूस आज ‘फसलास’ म्हणतो, तेव्हा त्याला तुमच्या नऊ हजारांची हळहळ वाटते. मशीन दुरुस्तीला नेताना त्यांना सोबत न्या, कुठल्या दुकानातून कसं आणलं होतं ते वाटेत विचारा.

आणि हे सगळं करण्याआधी, आज रात्रीच, एक काम करा. लेन्स गेलेली असली तरी पीएस टू सीडीशिवाय चालू होतो. पडद्यावर दोन ओळी येतील, त्यांतली ‘ब्राउझर’ निवडा. दादाचं मेमरी कार्ड पहिल्या खाचेत घाला. कार्डाला बॅटरी लागत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांनीही त्यातली माहिती शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे. आत छोटी छोटी चित्रं दिसतील, एकेक गेमचं एकेक, त्यांत ‘क्रिकेट ०७’चं शोधा. ‘डिलीट’ला चुकूनही हात लावू नका. दुसरं ८ एमबीचं कार्ड मिळालं तर ते दुसऱ्या खाचेत घालून ‘कॉपी’ करून ठेवा, आणि मगच मशीन दुरुस्तीला द्या. मूळ कार्ड घरीच ठेवा, आईच्या त्या डब्यात.